कोंडगडचा दरवाजा

मौनभोजनाचं व्रत कलावतीने लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात घेतलं आणि पुढे ते बारमाही झालं. पहिला घास उचलला की हात धुऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चुकून निघालाच तर पान तसंच सारायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यावर राहायचं. मस्कतला येऊन तिला तेहतीस वर्षं झाली. या तेहतीस वर्षांत पान सारायची वेळ तिच्यावर एकदाही आली नव्हती.

रमणला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, या व्रताची चांगलीच सवय झाली होती. अवघड काही सांगायचं असलं की तो तिच्या पहिल्या घासाची वाट बघायचा. तिच्या आईला महिनाभर इकडे आणायचं रद्द झालं, ते तिला ताकाच्या वेळी कळलं. अजिंक्यने, त्यांच्या मुलाने, माबेल्याला वेगळं घर केलं, ते वरणभात कालवताना. हात धुऊन ती बोलायला येईपर्यंत रमण कुशीवर वळलेला असायचा. झोपलेल्या माणसाला हलवून उठवायचं आणि मग भांडायचं, हे काही तिला जमलं नाही. आपल्या गप्प राहण्याने घरात शांती आहे आणि ती देवाला पोचते आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

रमण शिर्सेकर एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागला आणि त्याच कंपनीत साहेब झाला. साहेब म्हणजे तरी काय, वर अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, होताच. पहिली दहा वर्षं त्या अर्बाबने त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. एकदा कसल्याशा बोलण्यात रमण म्हणून गेला, की माझे खापरपणजोबा सैन्याचे जनरल होते. अर्बाबला गंमत वाटली. तेव्हापासून "या जनरल! तआल, चाय पी," असं म्हणत तो त्याला शेजारी बसवून घ्यायचा. त्या एका हाकेवर रमण वीस वर्षं ताठ मानेने जगला. आता दसऱ्यानंतर दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता, व्हिसा संपणार होता. गावी परत जाताना सोबत न्यायला त्याच्याजवळ मोठं असं एवढंच होतं. हे कलावती जाणून होती. म्हणून तर सगळं कठीण झालं.

ते जनरल म्हणजे सेनापती रुद्राजीराव शिर्सेकर. सोळाव्या वर्षी एका लहानशा संस्थानात शिलेदार म्हणून लागले. बाविसाव्या वर्षी भरल्या नदीत घोडा घालून पलीकडची चौकी मारली, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं गेली. एकतिसाव्या वर्षी संस्थानची सगळी फौज त्यांच्या हाताखाली आली. अठराशे अठरा साली इंग्रजांनी कोंडगडाला वेढा घातला, अकरा दिवस गड लढला, आणि बाराव्या दिवशी पहाटे दरवाजा आतून उघडला गेला. पुढे इंग्रजांनीही त्यांना मानाने वागवलं, एक गाव इनाम दिलं, घोडेस्वारांचं एक पथक दिलं. 'जनरलसाहेब' हे नाव तेव्हाचं. त्या पथकाने डोंगरातली दोन बंडं मोडली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी रुद्राजीराव दम्याने, अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात गेले. घरातल्या तसबिरीत त्यांच्या छातीवर एक बिल्ला आहे. तो कोणी दिला हे कोणी विचारत नाही.

आणि दरवाजा कोणी उघडला? हे मात्र कोंडवळ गावात पोरासोरांनाही पाठ होतं. कादीर गोलंदाजाने. गडाच्या मोठ्या तोफेवरचा तो माणूस फितूर झाला. गडाखालच्या ज्या वस्तीत त्याचे वंशज राहतात, तिला गाव दोनशे वर्षं फितूर पाखाडी म्हणत आलं आहे.

त्या पाखाडीतले बाबामियाँ गोलंदाज मस्कतच्या अल् घुब्रातच, कलावतीच्या इमारतीमागच्या गल्लीत, पन्नास वर्षं किराणा दुकान चालवत होते. कलावती नवी नवरी म्हणून आली तेव्हा राजगिरा मिळेना म्हणून रडवेली झाली होती. या म्हाताऱ्याने (तेव्हा तो म्हातारा नव्हता) मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी पावशेर राजगिरा मागवून दिला होता. तेव्हापासून तिच्या एकादश्या, सोमवार, चतुर्थ्या त्यांना तिच्यापेक्षा आधी ठाऊक असायच्या. वरी, साबुदाणा, शेंगदाणे, सैंधव अशी पिशवी बांधून तयार असायची. "बाय, उद्या तुजी संकष्टी हाय, इसरू नको," असं सांगणारे मुसलमान दुकानदार मस्कतात दुसरे कोणी नसतील.

गेल्या वैशाखात कोंडवळच्या मंडळींनी गडाच्या पायथ्याशी सेनापतींचं स्मारक बांधायचं ठरवलं. एक मोठी शिळा उभी करून तिच्यावर चरित्र कोरायचं. मजकूर वंशजाने लिहायचा, म्हणजे रमणने. तोच मजकूर पुस्तिकेत छापून श्रावणात मस्कतच्या मराठी मंडळींपुढे वाचायचा, आणि दसऱ्याला गावी शिळा उभी राहायची. गावातल्या चुलतभावाने जुन्या पेटीतलं मोडी दफ्तर येणाऱ्याच्या हाती पाठवून दिलं. रमणला मोडीचं अक्षर लागत नव्हतं. कलावतीचे वडील रत्नागिरीला भूमी अभिलेख कचेरीत होते. मे महिन्याच्या सुट्टीत पोरीला उगाच उन्हात हिंडू न देता त्यांनी मोडी शिकवली होती.

"तू नुसतं वाचून काढ गं," रमण म्हणाला. "पराक्रमाचं काय काय निघतं ते बघू."

ही गोष्ट बाबामियाँना कळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. कलावती वाणसामान आणायला गेली तर त्यांनी तिला आतल्या स्टुलावर बसवलं. मुलाला, नुमानला, गल्ल्यावर बसायला सांगितलं.

"बाय, तू ते कागद वाचतंयस म्हनं?"

"हो चाचा. दुपारचा जप झाला की बसते."

"मग एक कर. आमचा कादीर काय बोललेला, काय केलेलान, ता बघ." ते तिच्याकडे थोडे झुकले. "शिमग्याला पालखी येते ना गावात. आधी पयला नारळ आमच्या दारात फुटायचा. तोफेचा मान तो. गड पडला नि मान गेला. आता पालखी उंडीच्या झाडाकडं येते नि तितनंच वळते. माजी आई दरवर्षी दारात सडा घालून, नारळ घेऊन उभी ऱ्हायची. आता माजी भैन हवाबी ऱ्हाते. मी बोलतो, अगो, कशाला उभी ऱ्हातेस? ती बोलते, यंदा न वळली तर?"

कलावती स्टुलाच्या कडेवर पुढे सरकली.

"आता त्या दगडावर कोरनार. तोंडातलं एक वेळ लोक इसरतील, दगडावरचं कोन इसरनार? खरा फितूर असल तर असूं दे. मी मान खाली घालीन. पन नसल तर, बाय, चारचौघांत सांग. तू खोटं बोलत नाईस, ता सगल्यांना म्हायत हाय."

"सांगेन चाचा," कलावती म्हणाली. "जे असेल ते कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेन."

जपमाळेच्या पिशवीत हात घालून बोलल्यासारखं ती ते बोलली होती.

रोज दुपारी ती समोर भिंग घेऊन बसायची. बहुतेक कागद वाटण्यांचे, आंब्याच्या झाडांच्या तंट्यांचे. आषाढ संपता संपता तळातला एक लांब कागद निघाला. तो खुद्द रुद्राजीरावांचा अर्ज होता, कंपनी सरकारच्या साहेबाला लिहिलेला. आपण केलेली चाकरी सांगून इनाम मागणारा. कलावतीने एकेक ओळ देवनागरीत वहीत उतरवली.

'किल्ल्याचा दरवाजा आम्हीच रातोरात मोकळा करून दिल्हा. गोलंदाज कादीर तोफेपासोन हलेना. समजाविले, ऐकेना. सबब त्यास बुरुजावरीच दूर केले. गावी फितूर तोच ऐसे सांगोन बंदोबस्त केला, तेणेकरून रयतेत गलबला न जाला. ही चाकरी साहेबांचे ध्यानी असावी.'

खाली सही, आणि सहीखाली शिक्का.

कलावतीने ते तीनदा वाचलं. वडील सांगायचे, एकदा वाचलं ते खरं धरू नये, भूक लागली असताना वाचू नये, आणि आपल्याला हवं ते दिसलं तर भिंग पुसून पुन्हा बघावं. तिने भिंग पुसलं. मग उठून देवापुढे निरांजन लावलं आणि वात सरळ होईपर्यंत नुसती उभी राहिली.

संध्याकाळी तिने वही रमणपुढे ठेवली. त्याने उभ्यानेच वाचली. वाचून मिटली. टीव्ही लावला, बंद केला. रात्री जेवला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. कलावतीला त्याची दया आली. तिला वाटलं, माणूस आतल्या आत झगडतो आहे, सकाळपर्यंत वाट बघावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पान घेतलं, देवाचं नाव घेतलं, आणि पहिला घास तोंडात गेला तसा समोर खुर्ची ओढून रमण बसला.

"ते कागद सकाळीच परत पाठवले. कंपनीतला एक माणूस आज मुंबईला गेला, त्याच्याबरोबर." तो टेबलावरच्या मिठाच्या बरणीशी बोलत होता. "कला, दोनशे वर्षांपूर्वी कोणी काय लिहिलं, दबावाखाली लिहिलं, इनामापायी वाढवून लिहिलं, आपण कोण ठरवणार? मजकूर आहे तोच राहील. अजिंक्यने छापायलाही टाकला. आणि बाबामियाँना यातलं एक अक्षर कळता कामा नये. मी हात जोडतो तुला."

त्याने खरोखरच हात जोडले. कलावतीच्या तोंडात भात होता. तिने पाण्याचा घोट घेऊन तो ढकलला आणि दुसरा घास केला. हात धुऊन ती बाहेर आली तेव्हा रमण ऑफिसला निघून गेला होता.

अजिंक्यला फोन केला, तर तो गाडी चालवत होता. "आई, मी ट्रॅफिकमधे आहे, माबेला एग्झिटला. ऐकलं मी सगळं बाबांकडून. हू केअर्स गं आता? बाबांना रिटायर होताना एवढं तरी मिळू दे. यल्ला, ठेवतो."

त्यानंतर ती बाबामियाँच्या दुकानात गेलीच नाही. नागपंचमी आली, श्रावणी सोमवार आले. उपासाचं सामान तिने बौशरच्या मॉलमधून आणलं. एकदा दारात तिच्या नावाची पिशवी ठेवलेली दिसली. तिच्यात राजगिरा, सैंधव, आणि मॉलमध्ये न मिळणारी ओली हळद. चिठ्ठी नव्हती.

वही मात्र तिने देवघरात, पोथ्यांखाली ठेवली होती. रमणला ती सापडली नव्हती. कार्यक्रमाला जाताना तिने ती पर्समध्ये घातली. शब्द दिला होता.

जिवतीचा शुक्रवार होता. इकडे सुट्टीचा वार म्हणून त्याच दिवशी हॉल घेतला होता. साठेक माणसं होती, हळदीकुंकवाच्या साड्या, अत्तराचा वास, एसीचा घरघराट. रमणने नवा नेहरू शर्ट घातला होता. तो छान बोलला. नदीत घोडा घातला त्या प्रसंगाला त्याचा आवाज भरून आला, आणि समोरच्या बायकांनी डोळे टिपले. मग त्याने पुस्तिकेतून वाचलं, "अकरा दिवस सेनापतींनी गड झुंजवला. परंतु गोलंदाज कादीर याच्या फितुरीने बाराव्या दिवशी घात झाला." टाळ्या पडल्या. कलावती तिसऱ्या रांगेत पर्स पोटाशी धरून बसली होती. आता उठावं, असं तिला वाटलं. चाचा जुम्म्याची नमाज करून येणार, ते आल्यावर उठू, असं तिनेच मग ठरवलं.

ते आले तेव्हा पानं मांडत होते. पांढरा लेंगा, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. दारातल्या कोणी तरी मोठ्या उत्साहाने त्यांच्या हातात पुस्तिका दिली. बाबामियाँ गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. तिथेच, दाराच्या खांबाला टेकून, त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं.

मग मान वर करून ते कलावतीला शोधायला लागले.

रमणने हे पाहिलं. तो पुरणपोळ्यांचं ताट घेऊन चाललेल्या माणसाला म्हणाला, "अरे, आधी हिला वाढा बघू! हिचं मौनभोजन असतं. कला, बस तू, सुरू कर. उशीर नको."

हे त्याने कशासाठी केलं, हे कलावतीला लख्ख कळलं. समोर पान आलं. मीठ, लिंबू, चटणी, पोळी, तूप. बाबामियाँ माणसांतून वाट काढत अजून दहा पावलांवर होते. तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं. एक वाक्य तर होतं. समोरच्या पानाला तिने अजून हात लावला नव्हता, व्रत अजून लागू झालं नव्हतं.

कलावतीने घाईघाईने पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"बाय," बाबामियाँ समोर येऊन उभे राहिले. आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. "तू कागद वाचलास ना? मी दुसरं काय नाय इचारत. आमच्या कादीरनं दरवाजा उगडलेलान? व्हय का नाय, येवढंच."

"बाबामियाँ, तिचं मौन चालू आहे हो," रमण हसून म्हणाला. "बसा ना, तुम्हीही पान घ्या."

"मला ठाव हाय तिचं मौन. तुमच्यापेक्षा आधी तिचे उपास माज्या ध्यानात असतात." त्यांची नजर कलावतीवरून हलली नाही. "नको बोलू. नुसती मान हलव, बाय."

मान हलवायला मौन आड येत नव्हतं. मान हलवून ती वाढप्याला नको म्हणत असे, पाणी मागत असे. पर्स मांडीवर होती, वही पर्समध्ये होती. तिच्या शेजारी पुरणाची वाटी होती आणि त्या वाटीतल्या तुपात हॉलचे दिवे दिसत होते. कलावती त्या दिव्यांकडे बघत राहिली.

बाबामियाँ बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "कळलं."

त्यांनी पुस्तिका नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आले तसे माणसांतून वाट काढत निघून गेले. कलावतीने पानातलं सगळं संपवलं. अन्न टाकायचं नाही, हाही तिचा नेम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा न करताच, ती वही घेऊन दुकानात गेली. बाबामियाँ डाळीच्या गोणीचं तोंड शिवत होते. तिने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "चाचा, कादीरनी नाही उघडला. हे बघा. सेनापतींनीच... त्यांनी कादीरला मारलं, तोफेजवळ. तो हलला नाही म्हणून. माझं चुकलं, मी काल..."

त्यांनी वाचलं. 'तोफेपासोन हलेना' या शब्दांवर त्यांचं बोट कितीतरी वेळ राहिलं. डोळे भरले, आणि त्यांनी ते बाहीने पुसले.

"हलला नाय," ते म्हणाले. "बरा होता गो आमचा म्हातारा."

"ही वही तुम्ही ठेवा चाचा. गावी दाखवा."

"कोनाला दाखवू?" त्यांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. "मूळ कागद कुटं हाय?"

"ह्यांनी परत पाठवला. चुलत दिरांकडे."

"म्हंजे चुलीत गेला. आता ही वही. गोलंदाजाच्या हातातली वही कोन वाचनार, बाय? लोक बोलतील, शिर्सेकरांच्या सुनेला सगळ्यांम्होरं इचारलं, तवा तिची जीभ हलली नाय. साठ मानसांनी बगितलानी. मी रातच्याला हवाबीला फोन केला. सांगितलं, कागदात कादीरच फितूर निघाला, आता दारात नारळ घेऊन उभी ऱ्हाऊ नको."

"अहो, पण आता सांगा ना त्यांना! आत्ता फोन करा!"

"करीन. तिला सांगीन. ती खूश होईल, रडेल." ते पुन्हा गोणी शिवायला लागले. "पालखीला कोन सांगनार? काल चारचौघांत बोलली असतीस तर त्ये सांगनं झालं असतं. आज तू माज्या कानात सांगतंयस. कानातला न्याय कानातच ऱ्हातो."

नुमानने तिच्यासमोर शनिवारच्या उपासाची पिशवी आणून ठेवली. बाबामियाँनी सांगून ठेवलं असणार, रोजच्यासारखंच. पैसे घ्यायला दोघांपैकी कुणी हात पुढे केला नाही.

पिशवी घेऊन ती घरी आली. त्या दिवशी उपास केला, पण वरीची पुडी उघडलीच नाही.

दसऱ्याच्या दिवशी गावाहून फोटो आले. रमणने ते मोठे करून टीव्हीवर लावले. काळ्या दगडाची शिळा, झेंडूच्या माळा, फेटे बांधलेली माणसं. पाथरवटाने अक्षर सुरेख काढलं होतं, लांबूनही वाचता येत होतं. एका फोटोत मागे, उंडीच्या झाडापाशी, डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

कलावतीने जेवायला पान घेतलं. पहिला घास तोंडात गेला तशी रमणने खुर्ची ओढली.

"कला, मी विचार करत होतो. आता गावी गेल्यावर त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढू. त्यात बाबामियाँसारख्यांनी..."

"दरवाजा रुद्राजीरावांनी उघडला," कलावती म्हणाली.

घास अजून तोंडातच होता. शब्द भाताला लडबडून बाहेर आले.

"कादीर तोफेपासून हलला नाही. त्याला मारून दरवाजा उघडला, आणि वर त्यालाच फितूर म्हटलं. त्याबद्दल गाव इनाम घेतलं. त्यांच्याच हातचं लिहिलेलं आहे. मी वाचलंय. तुम्हीही वाचलंय."

"अगं... अगं, तुझं व्रत मोडलं!" रमण घाबरून म्हणाला. "तेहतीस वर्षांचं... दसऱ्याच्या दिवशी..."

"मोडलं," ती म्हणाली आणि पुन्हा, आणखी मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला लागली. अठराशे अठरा, कोंडगड, बाराव्या दिवशीची पहाट.

रमण उठला आणि वरच्या मजल्यावर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आधी गॅलरीचं दार लावलं, मग स्वयंपाकघराची खिडकी. टीव्हीचा आवाज वाढवला. कलावतीचं पान भरलेलं होतं. ते तिने पुढे सारलं, आणि बंद दारांच्या त्या खोलीत, रमणशिवाय ऐकणारं कुणी नसताना, ती बोलत राहिली.